न उजळलेल्या गाठी

पोटातल्या अवयवांना सर अहो-जाहो करायचे.

"आजोबा, जरा वर सरकून घ्या," असं म्हणून ते यकृत उचलून धरायला लावायचे. स्वादुपिंड म्हणजे मोठ्या जाऊबाई. "त्यांच्या अंगणातून जायचं, पण त्यांना हात लावायचा नाही. एकदा बिनसलं की महिनाभर घर धुमसतं." प्लीहा म्हणजे धाकट्या वन्सं, जरा ओढलं की रक्ताचं रडू. जठराला मात्र ते नुसतं "राव" म्हणत. कर्करोगाचं ऑपरेशन असलं आणि अर्धं-पाऊण जठर काढून टाकायचं असलं, की पहिला काप घेण्याआधी मास्कच्या आडून हळूच म्हणायचे, "राव, माफी असावी." नव्याने आलेल्या डॉक्टरांना हसू फुटायचं. दुसऱ्या महिन्यात तेच डॉक्टर एकमेकांना सांगताना ऐकू यायचे, "अरे, जाऊबाईंना सांभाळ."

वसईतल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी थिएटर टेक्निशियन आहे. सर तिथे सर्जन होते. मी मुळात बोलणारा माणूस नाही. थिएटरात न बोलणाऱ्याची किंमत असते, त्यामुळे माझ्या या स्वभावाचं कौतुकच झालं. त्या कौतुकाच्या आडोशाला मी एक गोष्ट सहा वर्षं लपवून ठेवली. लिहायला बसलोय सरांबद्दल, पण ती गोष्ट गाळली तर सर निम्मेच राहतील. म्हणून दोन्ही सांगतो.

सरांचं घर निर्मळला, केळी आणि फुलांच्या वाडीत. येताना स्कूटरच्या पायापाशी काहीतरी असायचंच. कधी दुधी, कधी अळूची जुडी, कधी नुसतीच केळीची पानं, "लागतात कोणाला तरी" म्हणून. शर्टच्या खिशात केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी. ऑपरेशनच्या आधी हात धुवायला जाण्यापूर्वी प्रत्येकाला एक सुकेळं खावंच लागे. "उपाशी माणसाचा हात थरथरतो आणि उपाशी माणसाला घाई होते. थरथर मला दिसते, घाई दिसत नाही." मोठ्या सिस्टर संकष्टी धरायच्या. त्यांच्यापुढे पुडी धरून सर म्हणायचे, "उपासाला केळं चालतं ना? हे वाळलेलं आहे एवढंच."

ऑपरेशन यशस्वी झालं असं त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. नातेवाईक बाहेर हात जोडून उभे असायचे. सर म्हणायचे, "जाऊन आलो. काढायचं ते काढलं. आता बघू." लोकांचा हिरमोड व्हायचा. एका पेशंटच्या जावयाने तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हे नक्की डॉक्टरच आहेत ना?"

पेशंटला समजावताना ते केसपेपरच्या मागच्या बाजूला वाडी काढत. "ही विहीर. हा तुमचा रोग. विहिरीतून पाट निघतात. पाटाचं पाणी आधी या वाफ्यात, मग या, मग शेवटी लांब त्या बावखलाच्या तळ्यात जाऊन साठतं. रोग याच पाटांनी फिरतो. जठराच्या भोवती चरबीत बारीक बारीक गाठी असतात, मसुरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या. त्या म्हणजे वाफे. नुसती विहीर बुजवून भागत नाही, वाफेपण उचलावे लागतात." निर्मळ-गासचा माणूस असला की मान डोलवायचा. नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर राहणारा नुसताच बघत बसायचा. मग सर कागद उलटा करायचे. "बरं. टाकी, पाइप, नळ." आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा काढायचे.

हिरवा रंग दाखवणारा कॅमेरा आणा म्हणून विश्वस्तांच्या मागे तेच लागले होते. तेव्हा त्यांची साठी दोन-तीन वर्षांवर आली होती. त्यांच्या वयाचे इतर सर्जन म्हणायचे, आमच्या बोटांनाच डोळे आहेत. सर म्हणायचे, "माझ्या बोटांनापण आहेत. पण त्यांना आता चष्मा लागलाय."

त्या कॅमेऱ्याचं काम असं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या आतून, रोगाच्या जागेभोवती चार ठिकाणी एक रंग टोचायचा. तो सरांच्या भाषेतल्या पाटांतून वाहत जातो आणि गाठींत जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी पोटाला छोटी छिद्रं पाडून आत कॅमेरा घातला, की पडद्यावर त्या गाठी झुडपात काजवे बसल्यासारख्या हिरव्या उजळतात. चरबीत दडलेली गाठसुद्धा सुटत नाही.

कॅमेरा आला त्या आठवड्यात सर बाजारातून कोंबडीची तंगडी घेऊन थिएटरात शिरले. सरावासाठी. मोठ्या सिस्टर दारात आडव्या.

"सर, माझ्या थिएटरात मी मांस येऊ देणार नाही."

"सिस्टर, मग आपण इथे रोज काय करतो?"

सिस्टर बाजूला झाल्या आणि तंगडी आत आली. सरांनी तिच्यात रंग टोचला, दिवे घालवायला लावले आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटला तेव्हा त्यांनी लहान मुलासारखी टाळी वाजवली. मग तासभर सुई किती खोल न्यायची हे आम्हाला दाखवत बसले. "खोल गेली तर रंग पोटभर सांडतो. सगळंच हिरवं दिसतं. सगळंच हिरवं म्हणजे काहीच कळलं नाही." आणि शेवटी धाकट्या डॉक्टरांकडे वळून, "हिरवं दिसलं तर ते काढ. नाही दिसलं तर 'दिसलं नाही' एवढंच म्हण. 'नाही' म्हणू नकोस."

रंग कालवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. याचा मला अभिमान होता, हे कबूल करतो. मी बारावी करून आलो तेव्हा स्ट्रेचर ढकलत होतो. कपडे बदलायच्या खोलीत रोज दोन प्रश्न विचारून विचारून सरांनीच मला टेक्निशियनचा डिप्लोमा करायला लावला. परीक्षेच्या फॉर्मवर सही करताना म्हणाले होते, "तुझा हात स्थिर आहे. बोलत नाहीस म्हणून कोणाला कळत नाही."

रंगाचे नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावले होते. दुर्बीणवाले डॉक्टर दारात दिसले की मगच कुपी फोडायची. बरोबर दिलेल्या पाण्यातच कालवायची. सिरिंजला उजेड लागू द्यायचा नाही, चंदेरी कागद गुंडाळायचा. कालवल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून ती सिरिंजला चिकटवायची. सहा तासांच्या आत टोचायचा, नाहीतर फेकायचा. टोचून झालं की चिठ्ठी सोलून पेशंटच्या फाइलमध्ये लावायची.

आणि त्यांची ती फेरी. ऑपरेशन संपून पेशंट बाहेर गेला की दार लावून सर स्टुलावर बसत आणि म्हणत, "चला, आपापली चूक." प्रत्येकाने त्या दिवशीची आपली एक चूक सांगायची. सुरुवात ते स्वतः करत. "टाका एक जास्त ओढला." "भुलीच्या डॉक्टरांवर उगाच खेकसलो." कोणी काही सांगितलं तर दुसऱ्याने बोलायचं नाही. सल्ला नाही, टोमणा नाही, सरही फक्त मान हलवत. एकदा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी आज रागाने मिस्टरांना डबाच दिला नाही." सर नियम मोडून म्हणाले, "ती चूक ऑपरेशनची कशी?" सिस्टर म्हणाल्या, "सगळा वेळ तेच डोक्यात होतं ना, सर. चिमटे दोनदा मोजावे लागले." पुढल्या फेरीत सर म्हणाले, "परवा सिस्टरना मध्येच टोकलं, ती माझी चूक."

त्या फेरीत मी नेहमी बारीकसारीक सांगायचो. दिवा वेळेवर वळवला नाही. ट्रे आवाज करत ठेवला. न बोलणाऱ्याने एवढं सांगितलं हेच पुष्कळ, असं सगळ्यांना वाटायचं.

काकू आमच्याच आचोळ्याच्या, दोन बिल्डिंग सोडून राहणाऱ्या. ब्लाउज शिवतात. मूळच्या चिपळूणकडच्या, मिस्टर गेलेले, मुलगा पुण्याला. माझ्या बायकोचे ब्लाउज त्याच शिवायच्या, त्यामुळे पोटात दुखतंय, जेवण जात नाही, हे त्यांनी पहिल्यांदा आमच्या घरीच सांगितलं. तपासण्या झाल्या आणि जठराचा कर्करोग निघाला. मीच त्यांना सरांकडे घेऊन गेलो. सरांनी विहीर काढली, मग टाकी काढली. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ तिथे आहेत ना, मग मला भीती नाही."

रंग टोचायचा होता तो दिवस. दुर्बीणवाले डॉक्टर दहाला येणार होते. मला दुसऱ्या थिएटरात जायचं होतं, म्हणून मी ते दारात दिसायची वाट न बघता पावणेदहालाच कुपी फोडली, कालवली, चिठ्ठी लावली. कागद गुंडाळायला घेतला आणि हाक आली. सिरिंज खिडकीशेजारच्या ट्रेमध्ये तशीच राहिली. डॉक्टर दुसरीकडे एका अत्यवस्थ पेशंटपाशी अडकले. ते यायला संध्याकाळचे सहा वाजले. काकू आदल्या दिवशीपासून उपाशी होत्या. तीनदा त्यांनी विचारलं, "भाऊ, अजून किती वेळ?" तिन्ही वेळा मी म्हणालो, "झालंच, काकू."

दुसरी कुपी नव्हती. मागवली असती तर ऑपरेशन पुढे गेलं असतं, आणि का पुढे गेलं हे सांगावं लागलं असतं. अशाच घाईत महिन्यापूर्वी मी एक कुपी वाया घालवली होती आणि त्याचा लेखी ठपका माझ्या नावावर होता. डॉक्टर जिना चढताहेत असं कळलं तेव्हा मी चिठ्ठी ओढली. ती अर्धी फाटली. तिच्यावर दुसरी चिकटवली आणि लिहिलं, साडेचार.

एवढंच केलं मी. हात स्थिर होता.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीप्रमाणे उभ्या उभ्या फाइल चाळत होते. एका पानावर त्यांचा अंगठा जरा फिरला. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

कॅमेरा आत गेला. एका बाजूला तीन गाठी दिसल्या, पण शिळ्या कोथिंबिरीसारख्या, मलूल. वरच्या अंगाला, जिथे जठराची मोठी रक्तवाहिनी निघते आणि जाऊबाईंची पाठ लागते, तिथे काळोख.

"सर, हा भाग क्लिअर आहे," धाकटे डॉक्टर म्हणाले.

"काय दिसतंय?"

"काही नाही, सर."

"मग तेवढंच म्हण."

नियमाने काढायची तेवढी चरबी त्यांनी तिथून काढली. एरवी पडद्यावर काळोख दिसल्यावर ते पुढे सरकले असते. त्या दिवशी सरकले नाहीत. मग म्हणाले, "दुर्बीण बाहेर घ्या. मी हात घालतो."

"सर, वीतभर उघडावं लागेल."

"उघडू."

त्यांनी पोट उघडलं, हात आत घातला आणि डोळे मिटून घेतले. जाऊबाईंच्या पाठीमागे त्यांची बोटं हळूहळू चालत होती. थिएटरात फक्त भुलीच्या यंत्राचा आवाज. मी पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत उभा. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ही एक." आणि त्यानंतर पुष्कळ वेळाने, "ही दुसरी." हरभऱ्याएवढ्या, कडक. ऑपरेशन ठरल्यापेक्षा दीड तास लांबलं.

फेरीच्या वेळी सर स्टुलावर बसले. म्हणाले, "आज मला एक प्रश्न विचारायचा होता. विचारला नाही. ती माझी चूक." मग त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो माझी पाळी येईपर्यंत तसाच हातात धरून ठेवला. मी म्हणालो, "गॉज मोजताना माझा आवाज बारीक होता."

सरांनी मान हलवली आणि पाणी प्यायले.

तपासणीचा अहवाल आला. त्या दोन्ही गाठींत रोग होता. धाकट्या डॉक्टरांनी बैठकीत समजावून सांगितलं, की गाठ रोगाने पूर्ण भरलेली असली की पाट बुजतो, मग रंग आत शिरतच नाही, त्यामुळे ती उजळत नाही. हे खरं आहे, तसं होतं. मी ते वाक्य झेललं आणि पांघरून घेतलं. शिळ्या रंगामुळे दिसल्या नाहीत की बुजलेल्या पाटामुळे, हे मला आजही माहीत नाही.

काकूंची जखम चिघळली. छिद्रांचं ऑपरेशन असतं तर आठवड्यात घरी गेल्या असत्या, त्या तीन आठवडे पडून होत्या. त्यांचं ड्रेसिंग मी स्वतः मागून घेतलं होतं. सगळ्यांना वाटायचं, शेजारधर्म.

पुढे कॅमेऱ्याला देणग्या देणाऱ्यांसाठी रुग्णालयात छोटासा कार्यक्रम झाला. काकूंना बोलायला उभं केलं. त्या म्हणाल्या, "माझ्या पोटात ह्यांनी हिरवा दिवा लावला हो. लपलेल्या गाठी यंत्राने धरून काढल्या." टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालकाने रंग कालवणारे हात म्हणून मलाही वर बोलावलं आणि गुलाबाचं फूल दिलं. सर शेवटच्या रांगेत बसले होते. सगळ्यात जोरात टाळ्या तेच वाजवत होते. त्यांनी उभं राहून खरं सांगितलं असतं तर यंत्राचं नाव गेलं असतं, माझंही. ते फक्त टाळ्या वाजवत राहिले.

सर निवृत्त झाले. काकू जगल्या. केमो झालं, केस गेले, परत आले, पोटाला मावेल तेवढं दिवसातून सहा वेळा खात त्या पुन्हा मशीनवर बसल्या. रस्त्यात भेटल्या की चारचौघांत ओळख करून द्यायच्या, "हे आमचे हिरव्या रंगाचे भाऊ." गणपतीत मोदक यायचे. बायको म्हणायची, काकूंचे मोदक तुम्हाला आवडत कसे नाहीत हो? मी म्हणायचो, गोड होतात.

परवा त्या पेढे घेऊन आल्या. सहाव्या वर्षाच्या तपासण्या स्वच्छ. आणि जाता जाता म्हणाल्या, "भाऊ, विरारच्या माझ्या नणंदेला तेच निघालंय. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडेच ऑपरेशन आहे. मी सांगून ठेवलंय हां, रंग भाऊंच्याच हातचा हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निर्मळला गेलो.

सर वाडीत केळीची वाळकी पानं कापत होते. मला पाहून कोयता खाली ठेवला नाही, फक्त म्हणाले, "बस त्या धोंड्यावर. मुंग्या आहेत, बघून." मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं.

"सर, आचोळ्याच्या काकूंच्या रंगाची वेळ खोटी होती. मी बदलली होती."

त्यांनी एक पान कापलं. "नऊ आणि किती?"

"पंचेचाळीस. तुम्हाला ठाऊक होतं?"

"खालच्या चिठ्ठीचा कोपरा दिसत होता. त्यावर नऊ होता. पुढचं फाटलं होतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग तुझा शब्द धरून मला तो काळोख खरा मानावा लागला असता." त्यांनी कोयत्याला चिकटलेला चीक पानाला पुसला. "पण तू खरंही बोलला असतास कदाचित. मग मी ऑपरेशन पुढे ढकललं असतं, ताजा रंग टोचला असता. त्या बाईंची ती वीत वाचली असती. नसतीही. मी तुला ती संधीच न देता पोट उघडलं. ती माझी चूक, मी त्याच दिवशी सांगून टाकली."

"मला काढून का नाही टाकलंत, सर?"

"काढलं असतं तर तू तीच भीती घेऊन दुसऱ्या रुग्णालयात गेला असतास. इथे निदान भिंतीवर कागद होता." मग पुढचं पान ओढत, "त्या दिवसानंतर तू एकही कुपी वेळेआधी फोडली नाहीस. मी बघत होतो."

मला रडू आलं. माझ्या वयाच्या माणसाला ते शोभत नाही, पण आलं. मी म्हणालो, "मला माफ करा."

सर खरोखरच चिडले. सगळ्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. "मला कशाला सांगतोस? पोट काय माझं होतं?"

आणि पुढच्या केळीकडे वळले.

तिथून थेट आचोळ्याला आलो. काकू मशीनवर होत्या. मी दारातच उभा राहून बोलायला लागलो, कारण आत जाऊन पाणी घेतलं असतं तर बोलणं झालं नसतं. मशीनचं चाक थांबलं.

"कधी कालवला होता म्हणालात?"

"पावणेदहाला."

"आणि टोचला?"

"सहानंतर."

"लिहिलंत मात्र साडेचार." त्यांनी कापड सुईखालून सोडवलं. "मी तीनदा विचारलं होतं तुला, किती वेळ म्हणून. घसा कोरडा पडला होता माझा. झालंच काकू, म्हणालास."

सहा वर्षांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मी मान खाली घातली.

त्यांचा हात पदराखाली, पोटावर गेला. "म्हणजे हे एवढं..."

"बहुतेक माझ्यामुळे."

"बहुतेक म्हणजे काय? नीट सांग."

मी बुजलेल्या पाटाचं सांगितलं. ताज्या रंगातही त्या गाठी कदाचित उजळल्या नसत्या, हे सांगितलं. "पण ते आता कोणालाच कळणार नाही, काकू. वेळ खोटी लिहिली नसती तर कळलं असतं."

खाली कोणीतरी भंगारवाल्याशी हुज्जत घालत होतं. मग त्यांनी विचारलं, "मग त्या दोन गाठी यंत्राने नाही धरल्या?"

"नाही. त्या दिसल्याच नव्हत्या. सरांनी पोट उघडून बोटांनी शोधल्या. डोळे मिटून. दीड तास."

"आणि मी त्या कार्यक्रमात यंत्राचं एवढं..."

"हो."

"तेव्हा ते कुठे होते?"

"शेवटच्या रांगेत. टाळ्या वाजवत होते."

"काय बाई!" काकू म्हणाल्या. "सहा वर्षं मी त्या यंत्राला हात जोडत्येय. अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं मी. आणि त्या माणसाला साधा नमस्कार केला नाही कधी. रागच यायचा त्यांचा, चांगलं झालं असं धड म्हणाले पण नव्हते." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. "नणंदेचा रंग तुम्ही कालवू नका."

"नाही कालवणार. सिस्टरना आजच सांगतो. का, तेही सांगतो."

"सांगा. आणि माफी-बिफीचं मी आत्ता काही बोलत नाही. मनात येईल तेव्हा येईल. नाही आली तर नाही."

"हो."

"डॉक्टर राहतात कुठे?"

"निर्मळला."

"स्कूटर खाली आहे?"

"आहे."

त्यांनी मशीनवर कापड टाकलं, आत गेल्या आणि ठेवणीतली साडी नेसून आल्या. हातात काही नव्हतं. मी विचारलं, फुलं-बिलं घ्यायची का वाटेत? "त्यांच्या वाडीत काय कमी आहेत?" म्हणाल्या आणि दाराला कुलूप लावलं.

पूल ओलांडून आम्ही पश्चिमेला उतरलो. त्या मागे एका अंगाने बसल्या होत्या, एक हात माझ्या खांद्यावर. पहिला खड्डा आला तसा तो हात घट्ट झाला.

"सावकाश घ्या," त्या म्हणाल्या. "धक्का बसला की ओढ बसते." आणि थोडं पुढे गेल्यावर, "कुठे, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

मी वेग कमी केला. मागून हॉर्न वाजायला लागले. वाजू देत म्हटलं, आणि एकेक खड्डा बघत, चुकवत, स्कूटर निर्मळच्या रस्त्याला घातली.